बडोद्यातलं स्थानिक इतिहासाचं संग्रहालय: नव्या क्युरेटरसाठी कामाची वाट

रावपुऱ्यातला किंवा दांडिया बाजारातला एखादा जुना वाडा बिल्डरकडे जायचं ठरलं की पोटमाळा रिकामा करायला घरच्यांना फार थोडा वेळ मिळतो. ट्रंका, बंब, समया, चौकटीतले फोटो, लाल कापडात बांधलेले मोडी कागद असं सगळं अंगणात येतं. तांबं-पितळ भंगारवाला नेतो, कागद रद्दीत जातात आणि उरल्यासुरल्यातलं थोडं कुणीतरी पिशवीत घालून आपल्या दारात आणतं. स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात क्युरेटरचं काम या पिशवीपासून सुरू होतं.

कामाठीबागेतलं मोठं संग्रहालय तिसऱ्या सयाजीरावांनी १८८७ साली स्थापन केलं. तिथली युरोपीय चित्रं, ममी, देवमाशाचा सांगाडा पाहायला आलेल्याला वस्तूच खिळवून ठेवते. आपल्याकडे येणाऱ्या वस्तू तशा नसतात. तांब्याचा बंब बडोद्यातल्या शेकडो घरांत होता. हा बंब कोणत्या घरातला, तो कोण पेटवायचं, त्यावर पाणी किती जणांचं तापायचं, ही माहिती सोबत असेल तरच तो संग्रहालयात ठेवण्याजोगा. ती माहिती गेली की कितीही चांगल्या काचेच्या कपाटात ठेवला तरी उपयोग नाही. म्हणून या लेखात मांडणीपेक्षा नोंदीबद्दल जास्त लिहिलं आहे. महाराजा सयाजीराव (म.स.) विद्यापीठातला म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून चालू आहे, तिथं शिकता आलं तर उत्तमच. पण छोट्या संस्थांमध्ये बहुतेक जण इतिहासाची पदवी घेऊन किंवा आवडीपोटी या कामात येतात. त्यांच्यासाठी हा लेख.

आधी रजिस्टर वाचा

रुजू झाल्यावर पहिला महिना दालनातली एकही वस्तू हलवू नका. नव्या माणसाला कपाटं बदलावीशी वाटतात आणि विश्वस्तांनाही डोळ्यांना दिसेल असं काही हवं असतं. तो मोह बाजूला ठेवा आणि ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे संग्रहात आलेल्या वस्तूंची नोंदवही, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. कोणत्या वर्षांत नोंदी भरभरून आहेत, कुठं हस्ताक्षर बदललं, कुठं दोन-दोन वर्षं कोरी आहेत, हे कळलं की संस्थेचा सगळा पूर्वेतिहास कळतो.

मग पडताळणी करा. दोघं मिळून करायची. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं वस्तू शोधायची. तीन याद्या तयार होतील: नोंद आहे आणि वस्तूही आहे; नोंद आहे, वस्तू सापडत नाही; वस्तू आहे, नोंद नाही. दुसरी यादी लगेच विश्वस्तांपुढे ठेवून तारखेसह सही घ्या, कारण वर्षभरानं ती तुमच्या काळातली गहाळ मानली जाईल. तिसऱ्या यादीतल्या वस्तूंना स्वतंत्र क्रमांकमाला द्या आणि ‘मूळ अज्ञात’ असं लिहा. ‘बहुधा राजवाड्यातून’ असला अंदाज तिथं कधीही लिहू नये. आज केलेला अंदाज दहा वर्षांनी पुरावा म्हणून उद्धृत होतो. त्याऐवजी संस्थेतल्या जुन्या शिपायाला, निवृत्त ग्रंथपालाला बोलवा. कोणती पेटी कोणाच्या घरून कोणत्या टेम्पोत आली, हे रजिस्टरपेक्षा त्यांना जास्त आठवत असतं. त्यांनी सांगितलेलं त्यांच्या नावासह लिहून ठेवा.

जुन्या नोंदीत खाडाखोड करू नका. दुरुस्ती शेजारी लिहा, खाली तारीख आणि सही घाला. संपूर्ण रजिस्टर स्कॅन करून एक प्रत संस्थेच्या इमारतीबाहेर ठेवा. सरकारी संग्रहालयांसाठी सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेनं ‘जतन’ नावाची संगणक प्रणाली केली आहे, पण लहान संग्रहाचं काम साध्या स्प्रेडशीटवरही चालतं. बांधीव रजिस्टर मात्र संगणक आला म्हणून बंद करू नये.

पिशवी दारात आल्यावर

देणारे काका-काकू बहुधा घाईत असतात, आणि थोडे हळवेही. त्यांना बसवा, पाणी द्या आणि पिशवी उघडण्याआधी बोलतं करा. वस्तू बाहेर आली की सगळं बोलणं तिच्या वयावर आणि किमतीवर येतं. विचारायचं ते हे: ही कुणाच्या हातातली? घरात कुठं असायची? हिला तुमच्याकडे काय म्हणत? कधी बंद पडली, का बंद पडली? तुमच्याकडे कुठून आली? परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा. बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द सहज मिसळलेले असतात. ते ‘शुद्ध’ करून लिहू नका, बोलले तसेच लिहा.

‘पणजोबांच्या काळची’ एवढ्यावर थांबू नका. पणजोबा कुठल्या खात्यात होते, हे विचारा. बडोद्यातल्या मराठी कुटुंबांचा मोठा भाग संस्थानच्या नोकरीत होता. खातं कळलं, हुद्दा कळला की नेमणुकीचा किंवा पेन्शनचा कागद घरातच निघण्याची शक्यता असते. तो कागद त्या वस्तूच्या जोडीला हवाच.

कुटुंबातल्या कहाण्या दोन रकान्यांत लिहायची सवय लावा: ‘कुटुंबाच्या सांगण्यानुसार’ आणि ‘कागदावरून’. बडोद्यात एक वाक्य तुम्हाला वारंवार ऐकू येईल: ‘ही महाराजांनी स्वतः आजोबांना दिली.’ काही वेळा ते अगदी खरं असतं. दरबारातून पोशाख, घड्याळं, पदकं दिली जात. पण कोरलेला मजकूर, पत्र किंवा फोटो मिळेपर्यंत ते पहिल्या रकान्यातच राहायला हवं. हे बोलून दाखवताना मात्र सौजन्य हवं. ‘आजी, याला जोडून एखादं पत्र सापडलं तर आपल्याला ठामपणे लिहिता येईल,’ असं म्हटलं की घरचेच शोधाला लागतात.

दुसरा हमखास येणारा दावा रविवर्म्याच्या मूळ चित्राचा. राजा रविवर्मा बडोद्यात राहून काम करून गेले, लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांनी पौराणिक विषयांवर चित्रं काढली, त्यामुळे इथं हा दावा अगदी मनापासून केला जातो. घरांत असतात ती बहुतेक छापील चित्रं. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि तिथली ओलिओग्राफ देशभर देव्हाऱ्यांत पोचली. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घेऊन चेहऱ्याच्या कडा पाहा. छापील चित्रात रंगाचे बारीक ठिपके दिसतात, वरून व्हार्निश आणि कॅनव्हाससारखा पोत दिला असला तरीही. खालच्या कडेला, चौकटीखाली झाकलेल्या पट्टीवर छापखान्याचं नाव असू शकतं. छापील निघालं म्हणून ते परत करू नका. कोणत्या भिंतीवर लावलेलं होतं, काही चित्रांवर जर-टिकल्या लावतात तशा कुणी लावल्या, हे नोंदवलं तर आपल्या संग्रहात ते मूळ तैलचित्राइतकंच बोलकं ठरतं.

आता नकाराबद्दल. नकार देता आला नाही तर दोन वर्षांत तुमचं भांडार समयांनी भरेल. तीन प्रश्न पुरतात: यातून बडोद्याबद्दल काही कळतं का, असंच आपल्याकडे आधीच आहे का, आणि हे आपल्याला नीट सांभाळता येईल का. नकार देताना योग्य जागा सुचवा. संस्कृत पोथ्या असतील तर प्राच्यविद्या मंदिर, जुनी पुस्तकं असतील तर मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय. माणसाला रिकाम्या हाती परत पाठवलं तर तो वाटेत रद्दीवाल्याकडे थांबतो.

घ्यायचं ठरलं तर लगेच दानपत्र करा. ‘सांभाळायला ठेवा, नंतर बघू’ या बोलीवर काहीही घेऊ नका. एक पिढी गेली की पुतणे येऊन मागतात आणि कोणाकडेच कागद नसतो. वस्तू दान आहे की मुदतीची उसनी आहे, हे स्पष्ट लिहा. उसनी असेल तर परतीची तारीख घाला. वडिलोपार्जित वस्तूवर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, आणि त्यात लग्न होऊन गेलेल्या मुलीही आल्या. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. शिवाय माझा अनुभव असा की घरातल्या वस्तूंची खरी माहिती बहुतेक वेळा आत्यांकडेच असते. सहीसाठी आलेल्या आत्या तासभर बोलून जातात, आणि नोंद भरून निघते.

कायद्याची सीमा

याबाबतीत ‘आपली छोटी संस्था, कोण विचारतं’ ही वृत्ती धोक्याची. पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७२ चा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं आणि दस्तऐवज यांना ७५ वर्षांची मर्यादा आहे. दगड-धातूच्या मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते आणि मालकी बदलली तर तेही कळवावं लागतं. मूर्ती कुणी आणली तर पहिला प्रश्न नोंदणीचा विचारा. जमिनीत खोदताना नाण्यांचा हंडा सापडला असं कोणी सांगितलं, तर त्याला १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. तो हंडा आपण ठेवून घ्यायचा नसतो, जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं.

सरदार घराण्यांच्या वाड्यांतून शिकारीची कातडी, शिंगं, हस्तिदंती वस्तू निघतात. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मालकीचं प्रमाणपत्र आहे का ते पाहा, आणि वनखात्याशी बोलल्याशिवाय त्यांना हात लावू नका. हात लावू नका हे शब्दशः घ्या. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांना आर्सेनिक लावलेलं असू शकतं. हातमोजे आणि मास्क लागतोच. तलवारी, दांडपट्टे, जुन्या बंदुका आल्या तर स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच फाइलला लावा.

क्रमांक घालणं

वर्ष, त्या वर्षातला दानाचा अनुक्रम, त्या दानातली वस्तू असा तीन भागांचा क्रमांक सर्वांत सोपा. २०२५.७.३ म्हणजे २०२५ सालच्या सातव्या दानातली तिसरी वस्तू. बंब आणि त्याचं झाकण यांना एकाच क्रमांकापुढे अ, आ. एकदा दिलेला क्रमांक वस्तू हरवली तरी दुसऱ्याला द्यायचा नाही.

धातू, लाकूड, चिनी माती यांवर दर्शनी नसलेल्या जागी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर द्या, तो वाळल्यावर शाईनं क्रमांक लिहा, वर पुन्हा एक थर द्या. तो ॲसिटोननं निघतो, म्हणजे वस्तूला कायमची इजा होत नाही. कागदावर आणि फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिल, तीही हलक्या हातानं आणि कडेला. नऊवारी, शेला, अंगरखा यांना सुती फितीवर क्रमांक लिहून दोन सैल टाके घाला. बॉलपेन, स्टेपल, टाचणी आणि चिकटपट्टी या चार गोष्टी भांडाराच्या खोलीत असूच नयेत. चिकटपट्टीचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो आणि नंतर तज्ज्ञालाही तो पूर्ण काढता येत नाही.

मोडीचे रुमाल आणि तारखांचा गुंता

कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, हाती आला की तो सोडून तारखेप्रमाणे लावावा असं वाटतं. तसं करू नका. ज्या कारकुनानं किंवा घरधन्यानं तो बांधला, त्याच्या क्रमाला अर्थ असतो. लग्नखर्चाच्या यादीजवळ कर्जाचा रोखा ठेवलेला असेल तर त्या दोहोंचा संबंध त्या शेजारातूनच कळतो. बांधलेल्या स्थितीत फोटो काढा, मग एकेक कागद उलगडून त्याच क्रमानं क्रमांक घाला, पुढची-मागची दोन्ही बाजू टिपा. कडक झालेली घडी जोरानं उघडू नका.

मोडी स्वतः शिका, निदान नाव, गाव, रक्कम आणि मिती वाचता येण्याइतकी. पूर्ण वाचनासाठी जाणकार लागतोच, पण कोणता कागद त्यांच्यापुढे आधी ठेवायचा हे तुम्हाला ठरवता यायला हवं. संस्थानच्या कारभारात मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही आहेत, त्यामुळे एकाच घरच्या कागदांत तीन लिप्या निघतात. केवळ मराठी कागद वेगळे काढून बाकी बाजूला टाकले, तर गोष्ट अर्धीच राहते.

तारखा हा नवख्यांना सर्वांत जास्त चकवणारा भाग. शके असेल तर ७८ मिळवा. मात्र इंग्रजी वर्ष बदलल्यानंतरच्या, म्हणजे जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या मितीला ७९. गुजराती संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होतो, म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करायचे आणि जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. उत्तरेकडचा विक्रम संवत चैत्रात बदलतो, तो हिशेब इथं लावला तर वर्षाची चूक होते. पडताळून पाहायला छप्पनिया दुष्काळ लक्षात ठेवा: संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. जुन्या सरकारी कागदांवर सुहूर सन (मराठ्यांच्या कारभारातली कालगणना) असतो, तोही अरबी शब्दांत. ‘अर्बा सलासीन मयातैन व अलफ’ म्हणजे चार, तीस, दोनशे आणि हजार: १२३४. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतं. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, पुढे ६००. उत्तर १८३३-३४. नोंदीत मूळ तारीख जशीच्या तशी लिहा, रूपांतर शेजारी लिहा. फक्त रूपांतर लिहून ठेवलं आणि ते चुकलं, तर दुरुस्त करायला आधार राहत नाही.

कागदावर मितीच नसेल तर गादीवर कोण होतं यावरून काळ बांधता येतो. दुसरे सयाजीराव १८१९ ते १८४७, गणपतराव १८५६ पर्यंत, खंडेराव १८७० पर्यंत, मल्हारराव १८७५ पर्यंत, मग तिसरे सयाजीराव १९३९ पर्यंत, त्यांच्यानंतर प्रतापसिंहराव, आणि १ मे १९४९ ला संस्थानचं मुंबई राज्यात विलीनीकरण. दोन सयाजीरावांत घोटाळा फार होतो, म्हणून नोंदीत क्रम घातल्याशिवाय नुसतं ‘सयाजीराव’ लिहू नका. रकमा बाबाशाही, म्हणजे बडोदा संस्थानच्या स्वतःच्या रुपयांत असतील तर तो कागद बहुधा विसाव्या शतकाच्या आधीचा धरा आणि दुसरा पुरावा शोधा.

पावसाळ्याची तयारी उन्हाळ्यात

बडोद्यात संग्रह सांभाळणाऱ्यानं विश्वामित्रीकडे लक्ष ठेवलंच पाहिजे. काळाघोड्याजवळ नदीची धोक्याची पातळी २६ फूट. आजवा सरोवरातून पाणी सुटलं आणि शहरातही पाऊस असला की पाणी वेगानं चढतं. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना तळमजल्यावरचं भांडार म्हणजे काय धोका, हे सांगावं लागत नाही. तळमजल्याशिवाय जागा नसेल तर सर्वांत खालच्या फळीवर दगड, चिनी माती, धातूची भांडी; कागद, फोटो, कापड कायम वर. मात्र अगदी गच्चीखालची खोलीही कागदाला नको, तिथं उन्हाळ्यात भट्टी असते आणि पावसाळ्यात गळती. मधला मजला मिळाला तर त्यासाठी विश्वस्तांशी भांडा.

मे महिन्यात तीन कामं संपवा. गच्चीचे पन्हळ साफ करा. बाहेरच्या भिंतीला टेकलेली कपाटं वीतभर पुढं ओढा, कारण ओल भिंतीतून येते आणि वाळवीही. आणि आधी काय वाचवायचं याची एकपानी यादी करून दाराच्या आत लावा. त्या यादीत पहिलं नाव ॲक्सेशन रजिस्टरचं. रात्री चावी कुणाकडे असते तेही तिथंच लिहा.

कागद भिजलेच तर उन्हात टाकू नका. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरते, तेव्हा वेळ मोलाचा. थोडे असतील तर टिपकागदावर सुटे पसरून पंख्याखाली वाळवा आणि टिपकागद बदलत राहा. गठ्ठेच्या गठ्ठे भिजले असतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून डीप-फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग सवडीनं थोडे थोडे काढा. त्यासाठी जवळच्या आइस्क्रीमवाल्याशी किंवा शीतगृहाशी आधीच बोलून ठेवावं. एकमेकांना चिकटलेले भिजके फोटो सुकू देऊ नका, स्वच्छ गार पाण्यात ठेवून अलगद सोडवा आणि चित्राची बाजू वर करून वाळवा. पुराचं पाणी घाण असतं, हातमोज्यांशिवाय हे काम करायचं नाही.

एरवीच्या दिवसांत शत्रू म्हणजे ओल, उजेड आणि कसर. आर्द्रता मोजणारा साधा हायग्रोमीटर प्रत्येक खोलीत ठेवा आणि रोज आकडा लिहा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीची भीती. वाळलेला कडुलिंब आणि वेखंड आपल्या आज्या ठेवत, ठेवायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका, आणि ओला पाला तर अजिबात नको. डांबरगोळ्या टाळा, बंद खोलीत काम करणाऱ्यांच्या तब्येतीला त्या वाईट. लोकरी किंवा रेशमी कापडाला कीड दिसली तर हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवणं हा चांगला उपाय. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. कापड आणि कागदावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नको, तैलचित्राला २०० पर्यंत चालतो. जरीचा शेला खिडकीसमोर मांडला तर त्याचा रंग परत येत नाही, म्हणून अशा वस्तू काही महिन्यांनी आळीपाळीनं विश्रांतीला पाठवा.

पाटी लिहिताना

‘तांब्याचा बंब, विसाव्या शतकाचा पूर्वार्ध, उंची ६० सें.मी.’ ही रजिस्टरची नोंद झाली. पाटीवर असं हवं: ‘दांडिया बाजारातल्या एका एकत्र कुटुंबातला बंब. पहाटे तो पेटवण्याचं काम घरातल्या धाकट्या सुनेचं. १९६०च्या दशकात घराची वाटणी झाली, दोन न्हाणीघरं झाली, आणि बंब पोटमाळ्यावर गेला.’ उदाहरण मी रचलेलं आहे, पण असं लिहिता येईल तेवढी माहिती वस्तू घेतानाच मिळवायची असते. साठ-सत्तर शब्दांच्या पुढं जाऊ नका. गुजराती, मराठी आणि इंग्रजी तिन्ही हव्यात, आणि गुजराती पाटी शेजारच्या गुजराती माणसाकडून मुळातून लिहून घ्या. बडोद्यातल्या मराठी घरांतली पुष्कळ मुलं आता गुजराती किंवा इंग्रजी शाळेत जातात, तेव्हा आजीची वस्तू नातीला बहुधा त्याच पाटीवरून कळेल. छापण्याआधी मजकूर देणाऱ्या कुटुंबाला दाखवा. खात्री नसलेलं ‘कुटुंबाच्या सांगण्यानुसार’ म्हणून लिहायला लाजू नका, वाचणाऱ्याचा विश्वास त्यानं वाढतो.

जे दारात येत नाहीत

संग्रह आपोआप वाढू दिला तर तो सरदार, दिवाण, फडणीस यांच्या वाड्यांचाच होतो, कारण वस्तू ठेवायला पोटमाळा त्यांच्याकडेच होता. हे बडोद्याच्या इतिहासातलं एक दालन झालं. डॉ. आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी इथं आले. याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि कामाठीबागेतल्या झाडाखाली त्यांनी आयुष्याचा संकल्प केला. संस्थाननं शिष्यवृत्ती दिली आणि शहरानं घर नाकारलं, या दोन्ही गोष्टी एकाच दालनात मांडता आल्या पाहिजेत. त्यासाठी नुसत्या वाड्यांतल्या वस्तू पुरत नाहीत. १८६२ साली डभोई ते मियागाम बैलांनी ओढलेली छोटी रेल्वे सुरू झाली, तिच्या पुढच्या काळातले कामगार, १८९० च्या कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या शाळेत शिकलेले रंगारी आणि सुतार, १९०७ पासूनच्या अलेंबिक या औषध कारखान्यातले मजूर, दरबारच्या कलावंत कारखान्यातले (कलाकारांच्या खात्यातले) गवई-वाजंत्री, आखाड्यांतले वस्ताद, सफाई कामगारांच्या वस्त्या. यांच्या घरी वस्तू थोड्या असतात, आणि त्या संग्रहालयाच्या लायकीच्या आहेत असं त्यांना कुणी कधी सांगितलेलं नसतं.

तिथं आपण जायचं, आणि पहिल्या भेटीत काहीही मागायचं नाही. ओळखीचं माणूस सोबत हवं. मराठी कामाची नसेल तिथं गुजराती किंवा हिंदीत बोला. हजेरी कार्ड, युनियनची पावती, जेवणाचा डबा, एकुलता एक स्टुडिओतला फोटो असं जे दाखवतील त्याचा तिथंच, त्यांच्यासमोर ६०० डीपीआयनं स्कॅन घ्या आणि मूळ त्याच क्षणी परत द्या. वापराची परवानगी लेखी घ्या, पण कागद आधी वाचून दाखवा. पुढच्या भेटीला फोटोचा मोठा प्रिंट त्यांच्यासाठी घेऊन जा. सोबत ट्रेसिंग पेपर न्या. तो प्रिंटवर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा, आत आकडे घाला आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून एकेक नाव लिहून घ्या. ज्यांची नावं आठवणार नाहीत ते आकडे कोरेच ठेवा आणि त्या ट्रेसिंगची प्रत शेजारच्या दोन घरी देऊन या.